टोपणाची साक्ष

हेडसरांना विद्यार्थी पाठीमागे ‘घार’ म्हणत. परीक्षेच्या हॉलमध्ये दारातून एक नजर टाकली की कोणाच्या मोज्यात चिठ्ठी आहे ते त्यांना कळायचं. कॉपी सापडली की पोराला बाकावर उभं करून ते सगळ्यांना सांगत, ‘‘नीट बघून घ्या, हा लबाड माणूस.’’ निवृत्त झाले तरी मानेचा ताठा तसाच होता. सुई दिसली की याच माणसाची पाचावर धारण बसते, हे मात्र त्यांनी बायकोलाही कळू दिलं नव्हतं.

डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं जेवणाआधी टोचायला इन्सुलिनचं पेन दिलं आणि परगावच्या मुलीनं त्या पेनाला बसणारं एक हुशार टोपण पाठवलं. पेन वापरून टोपण परत लावलं की किती युनिटं गेली याची नोंद व्हायची आणि मोबाइलवर हिरवी खूण उमटायची. जेवणाची वेळ टळली तर ते पिंपिं करून घर डोक्यावर घ्यायचं. ‘‘बाबा, आता मला इथे बसून सगळं दिसणार,’’ मुलगी फोनवर म्हणाली. सरांना बाकावर उभं केल्यासारखं वाटलं.

नर्सनं शिकवलं होतं, आधी दोन युनिटं हवेत सोडून सुई मोकळी आहे ना बघायचं, मग आठ पोटात टोचायची. सरांनी बाथरूमचं दार लावून दोन सोडली. शर्ट वर केला, सुई पोटापाशी नेली, डोळे मिटले, आणि उरलेली आठही बेसिनमध्ये सोडून दिली. टोपण लावलं. हिरवी खूण आली. टोपणाला युनिटं मोजता येत होती, ती गेली कुठे हे विचारायची त्याला सवय नव्हती. इतका ढिला पर्यवेक्षक सरांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि तो त्यांना मनापासून आवडला.

मग हे रोजचंच झालं. सरांची साखर चढत गेली. डॉक्टर अजूनही सर आत आले की खुर्चीतून उठायचा, पण बघायचा मोबाइलकडे. सरांचे सुकलेले ओठ त्याला दिसलेच नाहीत. ‘‘सर, तुमचा एकही डोस चुकलेला नाही. म्हणजे औषधच कमी पडतंय,’’ तो म्हणाला. आठाची बारा झाली, बाराची अठरा. सर मान डोलवत राहिले. बेसिनला काय, कितीही चालत होती.

पुढे दवाखान्यानं शिस्तप्रिय रुग्णांचा सत्कार ठेवला. व्यासपीठावर मोठा पडदा, त्यावर सरांच्या हिरव्या खुणांची रांग, समोर पहिल्या खुर्चीत बायको. पुष्पगुच्छ देऊन झाल्यावर डॉक्टर माइकवर म्हणाला, ‘‘जेवणाची वेळ झालीच आहे. सर, आजचा डोस इथेच घेऊन दाखवा.’’

सरांनी पेन हातात घेतलं. जास्त इन्सुलिन गेलं तर माणूस जागच्या जागी आडवा होतो, असं नर्सनं बजावलं होतं. अठरा युनिटं बेसिनला मानवली होती, सरांना नव्हे. खरं सांगावं तर अब्रू जाणार, टोचावं तर कदाचित जीवच. त्यांनी शेजारच्या सत्कारमूर्तींकडे पाहिलं. एक गृहस्थ छताकडे बघत होते, एक बाई आपलं पेन हळूच पर्समध्ये सरकवत होत्या. हे चेहरे सर आयुष्यभर ओळखत आले होते, पण आज पकडायला त्यांना तोंड नव्हतं.

आकडा अठरावर नेला आणि सुई दिसताच अंगठ्याखाली बटण दबलं ते दबूनच राहिलं. सगळं इन्सुलिन पुष्पगुच्छात गेलं. सगळ्या हॉलसकट डॉक्टर पडद्याकडे बघत होता. त्यानं तसंच हात लांबवून पेन घेतलं, टोपण लावलं. पडद्यावर उमटलं, ‘डोस वेळेवर घेतला. अभिनंदन.’ हॉलनं टाळ्या वाजवल्या.

सुटलो, असं सरांना वाटलं. पण बायको उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. ते त्यांना सोसवेना. त्यांनी माइक ओढला. ‘‘मी कॉपी केली आहे. रोज. आजवर एक थेंब अंगात गेलेला नाही. मला सुईची भीती वाटते.’’

‘‘सर, तुम्ही?’’ डॉक्टर म्हणाला.

बायको पायऱ्या चढून वर आली. ‘‘तरीच बेसिनला दवाखान्याचा वास येतो,’’ ती म्हणाली. ‘‘मी आपली रोज घासतेय.’’

डॉक्टरानं सरांची साखर तपासली आणि ओशाळून आकडा पुन्हा आठवर आणला. ‘‘डोळे मिटा,’’ बायको म्हणाली, आणि म्हणेपर्यंत तिनं टोचलंही. मुंगी चावल्याइतकंसुद्धा दुखलं नाही. एवढ्याशासाठी आपण काय काय केलं, या विचारानं सरांना भर हॉलमध्ये रडू आलं.

बायकोनं टोपण लावलं मात्र, ते कर्कश वाजू लागलं. पडदा लालभडक झाला. ‘एकाच जेवणाला दोनदा डोस. गंभीर चूक.’ लगेच सरांचा मोबाइल वाजला. त्यांनी गडबडीत तो माइकसमोरच स्पीकरवर घेतला, आणि मुलीचा आवाज हॉलभर घुमला.

‘‘बाबा, इतके दिवस तुमची एक चूक नाही. आजच असं कसं केलंत?’’