श्वासबाबाची फुंकर

तबेल्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्याच्या हौदावर माणसं चढली होती, चाऱ्याच्या गाडीत बायका दाटीवाटीने उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या होत्या. तिथे पेंढ्यावर सकाळीच जन्मलेलं शिंगरू आडवं पडलं होतं. त्याच्या उशाशी श्वासबाबा डोळे मिटून मंत्र पुटपुटत बसले होते आणि मागे खांद्याला झोळी लावलेला त्यांचा चेला उभा होता. बाबांनी फुंकर घातली की मरणाच्या दारातलं शिंगरू उठून दूध पितं, असं जो तो शेजाऱ्याला सांगत होता.

जनावरांची डॉक्टर कोपरांनी वाट काढत आत आली. तबेला तिच्या मामांचा. घोडी व्याली तेव्हा तीच हजर होती. शिंगरू धडपडत उभं राहिलं होतं, ढुशा देत दूध प्यायलं होतं आणि त्याची छाती स्वच्छ वाजत होती. म्हणून ती निर्धास्तपणे दुसऱ्या कामाला गेली. मग दुपारी मामीने दबक्या आवाजात फोन केला. "लवकर ये गं. त्याला श्वास घेता येईना. मामांनी तुला कळवायचं नाही म्हटलंय."

आता ती ऐकत होती. शिंगराच्या नाकातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. पोट आत-बाहेर होत होतं, पण वारा काही जात नव्हता. हिरड्या निळसर पडू लागल्या होत्या.

"मामा, मला बघू दे."

मामा आडवे आले. "तुझी डॉक्टरी राहू दे. गेल्या साली सुया टोचूनसुद्धा माझं शिंगरू गेलंच ना?"

"ते दिवस भरायच्या आधी जन्मलं होतं, मामा. त्याची फुप्फुसं कच्ची होती. याची तशी नाहीत."

बाबांनी एक डोळा किलकिला केला. "बाई, श्वासाला सात पडदे असतात. तुमच्या नळीला पहिलाच ऐकू येतो. सातव्या पडद्यामागे काळ बसलाय. विश्वाचा वायू माझ्या नाभीत उतरला की मी त्याला ओढून काढतो."

"मग काढा की. थांबलात कशासाठी?"

"मुहूर्त यायचा आहे."

मुहूर्त कसला, फाटकातून अजून माणसं येत होती. बाबा गर्दी भरायची वाट बघत होते आणि तोवर ते जनावर गुदमरत होतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

एकाएकी शिट्टी थांबली. शिंगराची मान पेंढ्यावर लुळी पडली. बाबांचे दोन्ही डोळे उघडले. मंत्र अर्धा सोडून त्यांनी नाकपुडीत बोटं घातली आणि चाचपून काढली. पुन्हा घातली. हाताला काही लागेना. कपाळावर घाम आला, तसं त्यांनी शिंगराचं तोंड उघडलं आणि त्यात जोरजोरात फुंकायला सुरुवात केली.

"अहो, घोडा तोंडाने श्वास घेत नाही," ती म्हणाली. "तुमचा सगळा वायू त्याच्या पोटात चाललाय."

तिने बाबांना खांद्याने ढकललं. या वेळी मामा आडवे आले नाहीत. मामीने विजेरी धरली. डॉक्टरने लांब चिमटा नाकपुडीत सरकवला आणि हलकेच ओढला. फुगलेला, काळपट लाल बोळा बाहेर आला. दुसऱ्या नाकपुडीतूनही तसाच, थोडा लहान. तिने शिंगराला छातीवर बसतं केलं, टॉवेलने खसाखसा चोळलं, मग एक नाकपुडी दाबून दुसरीत दाबायच्या रबरी फुग्याने हवा भरत राहिली. शिंगरू शिंकलं, अंगभर थरारलं आणि त्याने खोल श्वास घेतला. कोपऱ्यातल्या खणातून घोडीने हुंकार दिला.

"काळ निघाला," चेला घाईने ओरडला. "महाराजांची कृपा."

डॉक्टरने बोळा बादलीत बुचकळला. लाल रंग पाण्यात उतरला आणि चिमट्यात पिवळा स्पंजाचा तुकडा उरला.

"मामी, सकाळी मी गेल्यावर इथे कोण आलं होतं?"

"हाच चेला. मंतरलेलं तेल नाकाला लावायला. म्हणाला, नव्या जिवाला दृष्ट लागते."

मामांनी चेल्याच्या खांद्यावरची झोळी ओढून पेंढ्यावर उलटी केली. तेलाची बाटली निघाली, लाल रंगाची पुडी निघाली आणि स्पंजाचे कापलेले तुकडे घरंगळले. बाबा फाटकाकडे सरकत होते. घोड्यांची निगा राखणाऱ्या दोघा मोतद्दारांनी त्यांना धरून हौदाच्या कठड्यावर बसवलं.

"ऐका," डॉक्टर म्हणाली. "चेला आधी येऊन चांगल्या शिंगराच्या नाकात बोळे कोंबतो. मग बाबा येतात, मंत्राच्या गडबडीत तेच बोळे काढतात आणि काळ म्हणून दाखवतात. आज स्पंज ओला होऊन फुगला आणि आत सरकला. म्हणून यांची बोटं पोचली नाहीत. यांनी जगवलेलं एकही शिंगरू आजारी नव्हतं."

गर्दीतून टांगेवाल्याची बायको पुढे आली. आवाज बसलेला. "माझं आजारी होतं. खरंच आजारी. दूध नाकातून यायचं, छाती घरघरायची. हे दिवसभर फुंकत बसले. मेलं तेव्हा म्हणाले, तुझी श्रद्धा कमी पडली. मी अजून स्वतःलाच बोल लावते, बाई."

डॉक्टरने तिचा हात धरला.

"तुमची श्रद्धा कमी पडली नव्हती. दूध छातीत गेलं होतं. त्याला ऑक्सिजन हवा होता, औषध हवं होतं, आणि ते वेळेत द्यायला कोणीतरी हवं होतं. ती वेळ या माणसाने खाल्ली."

मग ती सगळ्यांकडे वळली. "शिंगरू जन्मल्यावर श्वास घेईना तर नाक पुसा, छातीवर बसतं करा, चोळा आणि मला बोलवा. सगळीच वाचतील असं मी सांगणार नाही. मामांचं वाचवता आलं नाही मला. पण का गेलं ते मी सांगितलं. जो कारण सांगत नाही आणि दोष मात्र तुमच्या पदरात टाकतो, त्याला तबेल्यात घेऊ नका. त्याला विचारा, कसं केलंस ते दाखव."

टांगेवाल्याची बायको हौदाकडे गेली आणि बाबांच्या पुढ्यात उभी राहिली.

"दाखवा," ती म्हणाली.