पंधरा दिवस लाल, पंधरा दिवस हिरवं

उज्ज्वलाने साडीच्या काठाची नक्षी पुरी केली, ती कारखान्याला पाठवायला मेल उघडायला गेली, आणि मेल काही उघडेना. स्क्रीनच्या कोपऱ्यात अँटिव्हायरसची लाल चौकट येऊन बसली होती. तुमचा कंप्युटर सुरक्षित नाही, असं ती सांगत होती. तिच्यातलं ‘अपडेट’चं बटण दाबलं की चकली फिरायची, थांबायची आणि चौकट आणखी लाल व्हायची.

लिंबायत वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत कंप्युटर आला तो मुलीसाठी, हर्षदासाठी. भरतकामाच्या मशीनला लागणाऱ्या नक्ष्या ती घरी बसून काढायची. मग तिला हजीऱ्याला एका ऑफिसात नोकरी लागली आणि ती तिकडेच राहायला गेली. तोवर आईने तिच्या खांद्यावरून बघत बघत सगळं उचललं होतं. त्याआधी एकवीस वर्षं उज्ज्वलाने कापडाचे तागे तपासले होते. काचेच्या टेबलाखाली ट्यूब लावलेली, वरून कापड सरकतंय, आणि तिचा डोळा गाठीवर, डागावर, तुटक्या धाग्यावर. त्या डोळ्याला आता नक्ष्या मिळाल्या होत्या.

तिने हर्षदाला फोन लावला.

“मम्मी, रीस्टार्ट कर ना,” हर्षदा तिच्या गुजराती मिसळलेल्या बोलीत म्हणाली. “नहीं तो श्रीरंगभाईला बोलव. तसं पण ते सिस्टम जूनुं थई गयुं छे.”

श्रीरंग म्हणजे चौकातला कंप्युटर दुरुस्त करणारा. मूळचा नांदेडकडचा, स्वभावाने गरीब. तो आला, अर्धा दिवस बसला, कंप्युटरमधलं सगळं पुसून त्याने नव्याने भरलं. कोपऱ्यात हिरवी खूण आली. उज्ज्वलाने चहा दिला. पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं आणि सोळाव्या सकाळी लाल चौकट पुन्हा हजर.

“काकू, डबाच जुना झालाय बघा,” श्रीरंग फोनवर म्हणाला. “आता ह्याला किती येळा भरायचं?”

जुनं झालं, हे उत्तर उज्ज्वलाला पटेना. जुनं झालेलं कापड एके जागी विरतं आणि विरलेलं राहतं. ते पंधरा दिवस धड आणि मग एकदम फाटलेलं असं होत नाही. तिने स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून कंप्युटरशेजारी टांगलं. सकाळी लाल दिसलं की फुली, हिरवं दिसलं की टिंब. लाल दिवशी कधी कधी बऱ्याच वेळाने आपोआप हिरवं व्हायचं, पण दुसऱ्या सकाळी पुन्हा फुली.

दीड महिना ती नेमाने खुणा करत राहिली. कापड मार्केटात तागे तपासताना ती शिकली होती की दोष कुठेही, कसाही आला तर धागा वाईट. पण ठरावीक अंतराने आला तर मशीनमध्ये काहीतरी आहे. इथे तर अंतर टेपाने मोजल्यासारखं होतं. पंधरा फुल्या, पंधरा टिंबं, पुन्हा फुल्या.

एका दुपारी ती कॅलेंडरकडे बघत पोळ्या लाटत होती आणि लाटणं हातातच राहिलं. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी. हा हिशोब घरात दुसऱ्या कोणाचा नव्हता. नवरा बन्सीलाल लूमवर जायचा, त्याच्या पाळीचा होता. तो दिवसपाळीला असला की फुल्या, रातपाळीला असला की टिंबं.

संध्याकाळी बन्सीलाल घरी आला, तर बायको त्याच्याकडे टक लावून बघतेय.

“काय व्हयनं?” त्याने विचारलं.

“तुम्ही कंप्युटरले हात लावतस का?”

“मी? माले काय समजस त्यामानं?”

ते खरंच होतं. तो त्या खुर्चीवरही कधी बसला नव्हता. उज्ज्वलाने पुन्हा कॅलेंडर पाहिलं. टिंबांच्या ओळीत एक फुली एकटीच पडली होती. आठवडाभर हिरवं आणि मध्येच एक दिवस लाल. त्या दिवशी बन्सीलाल रातपाळीवर होता, म्हणजे तिचा हिशोब चुकत होता. ती त्या तारखेवर बोट ठेवून बसली. मग आठवलं. त्या सकाळी गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर माणसं चढली होती आणि दोन तास लाइट नव्हती.

बन्सीलालने रात्री घरात झोपणं आणि लाइट जाणं, या दोन्हींत सारखं काय?

त्या दिवशी निजायच्या आधी तिने त्याच्यावर नजर ठेवली. त्याने दाराची कडी लावली, गॅस पाहिला, आणि कंप्युटरचा प्लग असलेल्या भिंतीवरच्या बोर्डाचं बटण खट्‌कन बंद केलं.

“हाई का बंद करं?”

“रोज करस मी,” तो म्हणाला. “वायर तापी जास. आग लागी जाई ना!”

तो रातपाळीला असला की ते बटण बंद करायचं कोणाच्या ध्यानातच येत नसे, आणि सकाळी ते चालू करायची उज्ज्वलाच्या हाताला इतकी सवय होती की तिने त्याचा कधी विचारच केला नव्हता. उज्ज्वला मोठ्याने हसली. बन्सीलालला काही कळेना, पण तिचं हसू लगेच थांबलं, कारण एक कोडं सुटताना दुसरं पडलं होतं. हा माणूस कंप्युटर आला त्या वर्षापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, बटण बंद करत होता. आणि लाल चौकट आली होती या उन्हाळ्यापासून. मग उन्हाळ्यात बदललं काय?

सकाळी बन्सीलाल कामावर गेल्यावर तिने बटण चालू केलं. लाल. या वेळी तिने चौकटीकडे बघितलंच नाही. कापड बघावं तशी पूर्ण स्क्रीन ती एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बघत गेली. वरची ओळ, चित्रांची रांग, खालची पट्टी. पट्टीच्या शेवटाला, एरवी कोणी बघत नाही अशा ठिकाणी, बारीक आकडे होते. पहाटेचे दोन वाजून चार मिनिटं. एक जानेवारी २०१४.

भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते.

“अगं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली.

अँटिव्हायरस बिचारं खोटं बोलत नव्हतं. त्याच्या मते आपण कितीतरी वर्षं मागे होतो आणि नवं अपडेट अजून जन्मायचं होतं. मेलवाल्यांनाही ही तारीख पटत नव्हती, म्हणून ते दार उघडत नव्हते. तिने तारीख हाताने बरोबर केली. चकली फिरली आणि हिरवी खूण आली. खात्री करायला तिने कंप्युटर नीट बंद केला, बोर्डाचं बटण बंद केलं, पाच मिनिटं थांबून सगळं पुन्हा चालू केलं. पहाटेचे दोन. एक जानेवारी.

म्हणजे लाइट गेल्यावरही याला वेळ लक्षात ठेवायला आत काहीतरी असलं पाहिजे. सहा वर्षं ते लक्षात ठेवत होतं आणि या उन्हाळ्यात दमलं. मनगटावरच्या घड्याळाला जसा सेल असतो, तसं काहीतरी.

तिने प्लग काढला, स्क्रू सोडवले आणि डब्याची बाजू उतरवली. आत धुळीचा थर आणि कापसाची तूस. हलक्या हाताने पुसत गेल्यावर हिरव्या पाटीवर रुपयासारखा गोल, चकचकीत सेल दिसला. नखाने पट्टी दाबताच तो टुणकन वर आला. तो रुमालात बांधून ती चौकात श्रीरंगकडे गेली आणि त्याच्या टेबलावर ठेवला.

श्रीरंगने सेल मीटरला लावला. काटा जागचा हलला नाही. तो ओशाळला.

“काकू, तारीख तर मी त्या दिवशी सोताच्या हाताने टाकली. रोजची सवय, ध्यानातच आलं नाही बघा. तुम्हाला कसं घावलं?”

“पंधरा-पंधरा दिवसांनी येत होतं,” ती म्हणाली, जणू एवढ्याने सगळं सांगून झालं.

नवा सेल बसवला, तारीख घातली. दिवसपाळीच्या उरलेल्या रात्री बन्सीलालने मनसोक्त बटण बंद केलं आणि रोज सकाळी हिरवंच आलं. मग एके दिवशी अँटिव्हायरसने विचारलं, सगळं तपासू का? उज्ज्वलाने हो म्हटलं आणि स्टूल ओढून समोरच बसली. फायलींची नावं सरसर पळत होती. दीड तासाने ते एका नावावर थांबलं. एक धोका सापडला होता. पर्वत पाटिया भागातल्या भरतकाम कारखान्यातून जुन्या नक्ष्या भरून एक पेन ड्राइव्ह आला होता, त्यातून उतरवलेल्या फायलींतला तो होता.

तिने नाव कागदावर अक्षर अक्षर उतरवलं, तो धोका काढून टाकला आणि कारखान्यातल्या जयश्रीला फोन लावला.

“आमच्या कंप्युटरवर काहीच दाखवत नाही हो ताई,” जयश्री म्हणाली.

“हिरवं दाखवतंय का?”

“हिरवं नाही.”

“मग लाल?”

“लाल पण नाही. कोपऱ्यात काहीच नाही.”

उज्ज्वलाचे डोळे बारीक झाले. काहीच नाही म्हणजे काय? बंद पडलंय? कोणी काढून टाकलंय? की कधी बसवलंच नव्हतं? आणि बाहेरून बघून ते ओळखायचं कसं? हे तिलाही ठाऊक नव्हतं.

“तो पेन ड्राइव्ह कोणाला देऊ नकोस,” ती म्हणाली. “आणि तुमच्याकडे हे कधीपासून असं आहे, ते आठवून ठेव. मी येतेच.”

“आत्ता? उन्हाचं?”

पण उज्ज्वलाने तोवर खुणा करायला एक वही पिशवीत टाकली होती आणि फोन कानाला धरून, दुसऱ्या हाताने ती रस्त्यावर रिक्षा थांबवत होती.