स्पीकर बदलला तो रविवार

घरात आणि घराबाहेरही त्याला सगळे कवळीवाला म्हणत. दिवसभर खिडकीपाशी बसून तो कवळ्या बनवायचा, घासायचा, चकचकीत करायचा. "आमचे हे लोकांचे दात त्यांच्याच घशात घालतात," असं त्याची बायको कार्यक्रमाच्या मधोमध माइकवर सांगायची, लोक हसायचे, आणि तो मागच्या रांगेत लाजून चूर व्हायचा.

ती गिटार वाजवायची. हॉटेलांत, छोट्या हॉलांत, कुणी बोलावलं तर कुणाच्या गच्चीवरही. गिटारचा आवाज मोठा करणारा तिचा अँप म्हणजे एकच लाकडी खोकं, सगळी यंत्रं आणि स्पीकर त्यातच. वजनाला हा एवढा. तो उचलून तिच्या मागे मागे फिरणं हे कवळीवाल्याचं काम. कंबर धरायची, तरी त्याने ते दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही.

मग तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून आली तेव्हा जीभ जड होती, पाय फरफटत होता. हळूहळू जीभ मोकळी झाली, पायही बराच सावरला. डाव्या हाताची बोटं मात्र वळेनात. तारा दाबायच्या त्या याच बोटांनी.

कवळीवाल्याने हार मानली नाही. मोडलेली कवळी जोडणाऱ्या माणसाला कुठलीच गोष्ट कायमची मोडली असं वाटत नाही. "होईल गं. पुढच्या महिन्यात बघ तू," असं तो रोज सकाळी तिच्या हाताचा व्यायाम घेताना म्हणायचा. आधी ती हं म्हणायची. पुढेपुढे तेही म्हणेनाशी झाली. त्याला वाटलं, थकत असेल.

एक दिवस ती झोपली असताना त्याने अँपवरची चादर काढली, गिटार जोडली आणि एक तार हलकेच छेडली. आतून पत्रा फडफडावा तसा घरघराट झाला. त्याने घाबरून बटण बंद केलं. बॅटरी घेऊन मागच्या फटीतून पाहिलं, तर स्पीकरचा काळा कागद फाटलेला. उंदीर, तो मनाशी म्हणाला. आधी त्याला वाटलं, डिंकाने चिकटवू. मग त्याचा विचार बदलला. ती पुन्हा वाजवेल त्या दिवशी ठिगळ नको, नवा कोरा स्पीकर हवा.

त्याने मेव्हण्याला गाठलं. हा तिचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारा, बडबड्या. दोघांनी मिळून त्याच मापाचा, तेवढ्याच ओहमचा स्पीकर आणला. रविवारी सकाळी शेजारीण तिला व्यायामाच्या वर्गाला घेऊन गेली आणि हे दोघे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले.

"वायर आधीच काढून ठेवलीत ना?" मेव्हण्याने विचारलं. "तरीही आत वरच्या भागाला हात लावू नका, भाऊजी. त्यात करंट दबा धरून बसतो."

मागच्या फळीचे स्क्रू निघाले. कुठली तार अधिकची, कुठली उण्याची, ते मेव्हण्याने खडूने आतल्या लाकडावरच लिहून ठेवलं आणि तारा ओढून काढल्या. मग एक नट इकडचा, एक समोरचा, असे आळीपाळीने ढिले केले. तोंडाने लिफ्टमध्ये अडकलेल्या एका वकिलाची गोष्ट चालू होती. शेवटचा नट निघाला, त्याने जुना स्पीकर बाहेर उचलला, उजेडात धरला आणि गोष्ट अर्धवटच राहिली.

कागदावर काप होते. सरळ, लांब, एकाशेजारी एक. मधोमध एक भोक, आरपार.

"उंदीर कुरतडतो, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "असं कापत नाही."

कवळीवाल्याने स्पीकर हातात घेतला. कात्रीचा घाव कुठला आणि चाकूचा कुठला हे ओळखणं त्याच्या हातांना जड नव्हतं. प्रत्येक काप उजवीकडून डावीकडे, वरून खाली आला होता. घरात दोनच माणसं. तो म्हणाला, "हाच परत बसवू या. आपण काही पाहिलंच नाही."

मेव्हण्याने नाही म्हणून मान हलवली. त्याने मुकाट्याने नवा स्पीकर जागेवर ठेवला, नट थोडे थोडे करत आवळले, खडूच्या खुणा पाहून तारा खोचल्या आणि फळी बंद केली. वकिलाचं पुढे काय झालं ते त्या दिवशी कळलंच नाही.

ती आली तेव्हा जुना स्पीकर अजून वर्तमानपत्रावरच होता. लपवायला वेळ होता, पण कवळीवाल्याचे हातच उठले नव्हते. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग भावाकडे. मेव्हणा चहा टाकतो म्हणून आत निघून गेला.

ती खुर्चीत बसली.

"मागच्या फटीतून, फळांच्या सुरीने केलं," ती म्हणाली. "तू कवळ्या पोचवायला गेला होतास. सुरी घेण्याआधी मी सकाळभर एकच सूर लावून बघत होते. सगळ्यात सोपा. नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवायचे तो. बोट तारेवर नेऊन ठेवायचे दुसऱ्या हाताने, आणि ते घसरायचं."

"मला सांगायचंस."

"काय सांगणार? तू म्हणाला असतास, होईल." तिचा आवाज चढला नव्हता. "गिटारवर हात उचलवेना. म्हणून राग या स्पीकरवर काढला."

त्याला सांगायचं होतं, की त्याने हे सगळं तिच्यासाठीच केलं, की डॉक्टरही अजून नाही म्हणाले नव्हते. पण ती पुढे म्हणाली, "माझं गेलं, हे मला एकटीलाच माहीत आहे या घरात. फार एकटं वाटतं रे."

कवळीवाला जमिनीवरच बसला होता. त्याला आठवेना, शेवटचं तिने वाजवलं ते कुठे, काय. तेव्हा तो नेहमीसारखा वायरी गुंडाळण्याच्या घाईत असणार. त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "गेलं."

म्हटल्यावर तो हमसून रडू लागला. ती रडली नाही. उजव्या हाताने त्याच्या डोक्यावरचे केस नुसते मागे सारत राहिली. आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी बराच वेळ मेव्हणा बाहेर आला नाही.

अँप वाजतो की नाही हे शेवटी मेव्हण्यानेच पाहिलं. त्याला वाजवता येत नव्हतं, त्याने एकेक तार ओढली. आवाज स्वच्छ आला. ती डोळे मिटून ऐकत होती. "स्पीकर कडक आहे अजून," म्हणाली. "वाजवून वाजवून मोकळा होईल. तसाच ठेवला तर काही उपयोग नाही त्याचा."

त्याच आठवड्यात तिने तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीला निरोप धाडला. ती आता नर्स होती, सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर वाजवायची. अँप न्यायला आली तेव्हा नको नको म्हणत दारातच उभी राहिली. बाईंनी तिला आत बसवलं, कुठलं बटण अर्ध्यावर ठेवायचं, कुठलं पूर्ण फिरवायचं नाही, सगळं नीट समजावलं, अगदी शिकवणीच्या जुन्या सुरात. गिटार मात्र दिली नाही. ती का ठेवली, हे कवळीवाल्याने विचारलं नाही.

अँप त्यानेच खाली नेला. नर्स एक बाजू धरते म्हणाली, पण त्याने ऐकलं नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत, दम घेत तो उतरला. गाडीच्या मागच्या सीटवर खोकं आडवं न होईल असं बसवलं, बाजूला उशी खोचली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो रस्त्यावर उभा होता.

वर आला तर ती खिडकीत होती.

"नीट बसला ना?" तिने विचारलं.

"नीट बसला."

ती तशीच बाहेर बघत राहिली आणि मग, आजारपणापासून पहिल्यांदाच, तोंड वेडंवाकडं करून मोठ्याने रडली. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. ओठांवर आलेले सगळे धीराचे शब्द त्याने गिळले, आणि तिला रडू दिलं.