पातीतली मधली

पौषातल्या सकाळी, सातपुड्याकडून उतरलेला गारठा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानापानावर थिजलेला असताना, फुटलेल्या बोंडांच्या त्या शुभ्र, निःशब्द विस्तारातून एक आवाज हळूहळू वर यायचा. किंचित घोगरा, तंबाखूचा वास असलेला, पण आत कुठेतरी ओल धरून ठेवलेला. तो अनसूबाईचा. आवाजाला कुठे वास असतो का, असं तुम्ही म्हणाल, असतो बरं. हिवाळ्यात वाळत्या पऱ्हाटीचा वास आला की मला आजही आधी तिचा आवाज ऐकू येतो आणि मग ती दिसते: कमरेला कापसाची फुगलेली ओटी, त्यामुळे सदा दिवस गेलेल्या बाईसारखी वाटणारी, वाकलेली, आणि बोंडातून कापूस ओढणाऱ्या बोटांच्या लयीत गोष्ट सांगणारी.

हिवरखेडच्या शिवारात आम्ही बायका पात धरून वेचायचो. पात म्हणजे आमची रांग. एकेकीने आपापली ओळ धरायची आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत सगळ्यांनी सोबत सरकायचं, मागेपुढे कोणी व्हायचं नाही. अनसूबाईची गोष्ट या बांधाला सुरू व्हायची आणि त्या बांधाला संपायची. अधे ना मधे. तिला शाळा ठाऊक नव्हती, घड्याळ ठाऊक नव्हतं. पण समोरचा बांध डोळ्यांना दिसत असे आणि त्या अंतरात किती अरण्यं, किती रात्री, किती विरह मावतील हे तिच्या बोटांना कळत असे. गोष्टीत संकट आलं की आमचे हात आपोआप भरभर चालायचे. शेताच्या मालकिणीला ते बरोबर उमगलेलं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून ती ओरडायची, "अनसूबाई, राक्षस आन वं लवकर, सांजेलोक हा तुकडा झाला पायजे."

पुढे मी वाचनालयातली पुस्तकं वाचायला लागले तेव्हा कळलं, की गोष्ट ज्याच्याभोवती फिरते त्याला नायक म्हणतात, बाई असली तर नायिका. आमच्या पातीत तिला 'मधली' म्हणत. आणि मधली कोणी राजकन्या नसायची, आमच्यातलीच एक असायची. सकाळी पात धरतानाच विचारणा सुरू, "आज मधली कोन?" कोणी लाजत, कोणी भांडत. अनसूबाई एकीचं नाव घ्यायची आणि त्या क्षणापासून त्या बाईच्या चेहऱ्यावर, खरं सांगते, वेगळाच प्रकाश पडायचा. मातीने भरलेलं तेच लुगडं, उललेल्या तळव्यांचे तेच पाय, पण चालण्यात काहीतरी उंच होऊन जायचं.

मात्र मधली झाली की हाल आलेच. तिला रानात एकटं पडावं लागे, तहान सोसावी लागे, आपलीच माणसं तिची ओळख नाकारत. एकदा आमच्या पातीतली पंचफुला मधली होती आणि अनसूबाईने तिच्या नवऱ्याला वाघाच्या तोंडी दिलं. पंचफुला वेचता वेचता म्हणाली, "माह्या नवऱ्याले नेलं त नेलं, पन त्या वाघाचं कसं होईन बाई?" सगळी पात हसून हसून खाली बसली. दुपारी भाकरी खाताना मी विचारलं होतं, इतका छळ कशाला करतेस ग बाई तिचा? अनसूबाई ठेच्याचं बोट चाटत म्हणाली, "हाल नसले त तिच्याकडं पाहीन कोन, इंदूबाई?" साध्या तोंडाने बोललेलं ते वाक्य माझ्या मनात कितीतरी वर्षं नांगराच्या फाळासारखं रुतून राहिलं.

तिची एकुलती एक लेक, संगीता. आम्ही संगी म्हणायचो. सुट्टीच्या दिवशी आईच्या शेजारची ओळ धरायची. तिचे केस फार दाट. वेणी पुढे आली की बोंडांत अडकायची आणि वेणीत कापसाचे धागे पांढऱ्या फुलांसारखे राहून जायचे. ही पोर गोष्टीत असायची, पण सदा काठावर. मधली तहानेने व्याकूळ होऊन विहिरीपाशी आली की तिथे एक मुलगी उभी असे, ती ओंजळीत पाणी ओतायची आणि गोष्ट पुढे निघून जायची. ती मुलगी म्हणजे संगी. एकदा रुसून तिने विचारलंच, "माय, मी कधी व्हईन मधली?" "तुले काय पडलं वं? तू आपली पानी पाज," एवढंच आईचं उत्तर. नंतर माझ्या कानाशी येऊन अनसूबाई हळूच म्हणाली, "मधली केली की तिले रानात सोडा लागते. माह्यानं नाई होत."

अशी ती आई. लेकीला गोष्टीतसुद्धा उन्हात उभं न करणारी.

आयुष्य मात्र कोणाला विचारून मधली ठरवत नाही. संगीला दिली दर्यापूरकडे, पूर्णेकाठच्या खाऱ्या पट्ट्यात. माणसं चांगली, जमीन काळीभोर, घर भरलेलं. पाणी तेवढं खारं. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याचं गोड पाणी पिऊन वाढलेली ती पोर त्या पाण्याला कधी तक्रार न करता सरावली, आणि शरीर आतल्या आत, कोणाला चाहूल न देता, हार मानत गेलं. पायांवर सूज आली, चेहरा फिकट मेणासारखा झाला, आणि एके दिवशी अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या आहेत, आता रक्त मशीनवर धुवावं लागेल.

तेव्हापासून अनसूबाई हिवरखेडहून एसटीने अकोल्याला जायची, जावई संगीला तिकडून आणायचा, आणि मायलेकींची भेट त्या पांढऱ्या खोलीत व्हायची. बरेचदा मीही सोबत असे. बाहेर अकोल्याचं ऊन, ज्याच्यापुढे झाडांच्या सावल्याही अंग चोरून बसतात. आत पडद्यातून गाळून आलेला पिवळसर उजेड, मशीनची एकसुरी घरघर, आणि नळीतून बाहेर पडून पुन्हा देहात परतणारं लेकीचं रक्त. पाणी तिला मोजून. ओठ सुकलेले, आणि नजर आमच्या पिशवीतल्या बाटलीवर. ती बाटली अनसूबाई पदराखाली लपवायची. ते लपवणं पाहवत नसे हो.

अशाच एका दुपारी संगी म्हणाली, "माय, आता त मले मधली कर."

 अनसूबाईची बोटं चादरीवरचे धागे उचलत राहिली, जणू तिथेही बोंडं फुटली होती. मग घसा साफ करून तिने सुरुवात केली, "एक होती संगी." आणि थांबली. मी तिला इतकी वर्षं ऐकत आलेली. गोष्ट सांगताना ती अशी थांबलेली मी कधी पाहिली नव्हती. रान आधीच येऊन बसलं होतं, तहान येऊन बसली होती, आता तिने काय मांडायचं? बऱ्याच वेळाने पुढचं वाक्य आलं.

"सकाळी उठली. आंग धुतलं."

"मंग?"

"मंग चुलीवर च्या मांडला."

"मंग?"

"मंग पेला."

संगी सुकल्या ओठांनी हसली. "माय, याच्यात त काईच होऊन नाई राह्यलं."

"नको होऊ दे," अनसूबाई म्हणाली.

शेजारच्या खाटेवरचे एक काका कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "आजीबाई, एखादा वाघबिघ तरी आना ना." अनसूबाईने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "वाघ नाई भाऊ आमच्या गोष्टीत आता."

आणि मग आठवड्यामागून आठवडे ती गोष्ट चालली, जिच्यात मधलीला काहीच होत नव्हतं. ती ज्वारी निवडायची, शेजारणीकडे विरजण मागायला जायची, दारातल्या तुळशीला पाणी घालायची, मनाला येईल तेव्हा तांब्याभर पाणी प्यायची. जिला आयुष्यभर अरण्यं उभी करता आली, त्या बाईची सगळी प्रतिभा आता एका साध्या दिवसाला कुंपण घालण्यात खर्ची पडत होती, आणि ते कुंपण शब्दांचं आहे, त्याने काही अडत नाही, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मध्येच अमरावतीला जाऊन तिने, लेकीला देता येईल का म्हणून, स्वतःची किडनी तपासून घेतली. साखर निघाली, वयही झालेलं. डॉक्टरांनी मान हलवली. परतीच्या एसटीत खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा मागे मागे सरत होत्या. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "किती जनीले सुखरूप बांधावर पोचवलं मी. पन ते रान मी मांडलेलं होतं, इंदूबाई. हे कोनं मांडलं, मले ठाव नाई."

 मी तिचा हात धरला. तोही तिने थोड्या वेळाने सोडवून घेतला, पिशवी सांभाळायला.

श्रावण सरत आला होता तेव्हाची गोष्ट. आभाळ दिवसभर झाकोळलेलं, खोलीतला उजेड राखेसारखा. संगीने डोळे मिटूनच विचारलं, "कुठलोक आलो होतो, माय?"

"तू न्हाली होती. आंगनात केस वाळवत बसली."

"ऊन हाय काय?"

"हाय ना. कोवळं हाय."

"वाळू दे मंग," संगी म्हणाली आणि कूस वळवली.

पुढच्या खेपेला आम्हाला अकोल्याला जावं लागलं नाही. दर्यापूरकडे जावं लागलं.

यंदाही कापूस फुटला. अनसूबाई वेचायला येते, ओटी बांधते, पातीत आपली ओळ धरते. आवाज मात्र नाही. बायका विचारत नाहीत, पंचफुलासुद्धा नाही, आणि त्या मौनात बोंडांच्या टोकदार पाकळ्यांचं बोटांना ओरखडणं स्पष्ट ऐकू येतं. परवा मला राहवलं नाही. दुपारच्या सावलीत मी तिला म्हटलं, बाई, ती गोष्ट तेवढी पुरी कर, आपल्या दोघींतच. तिने समोरच्या शेताकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाई. पुढं नेली की काई ना काई होईन तिले."

तेव्हापासून मी विचार करते आहे. काळ आपल्याला एकेका हिवाळ्यातून पुढे ओढत नेतो, आमची नजर मंदावते, गाव बदलतं, माणसांची नावंही एक दिवस कोणाच्या ओठांवर राहणार नाहीत. पण कुठल्याशा अंगणात काळाने कोवळं ऊन तसंच मागे ठेवलं आहे, तिथे एक लेक केस मोकळे सोडून बसली आहे, आणि तिच्यापर्यंत जायला तिच्या आईलाही वाट नाही.