तिसरी खाच

“दोन्हीकडं सारखी खाच ठेव, नयन. नाही त गाडी लंगडते.”

बादलदादाचा हा आवाज कानात आला आणि नयनच्या हातातला आकडीचा पाना थबकला. दादाला जाऊन आठ महिने झाले होते. अंगणात त्याची गाडी डबल स्टँडवर उभी होती. कुणी हात न लावताही मागचं चाक हळूच फिरलं, थांबलं.

“शॉकअप नरम करून द्या, भाऊजी,” ओट्यावर तूर निवडत बसलेली वैष्णवीवहिनी म्हणाली. “उद्यापासून आर्णीच्या दुकानात कामाले जायचं हाय मले. खड्ड्याखड्ड्याले कंबर मोडते.”

“तुम्ही गाडी चालवता का उडवता?” तो हसण्यापुरता हसला.

अपघातानंतर गॅरेजवाल्यानं पुढचं चाक, टाकी, दिवा बदलून दिला होता. मागच्या शॉकअपला कुणी हातच लावला नव्हता. नयननं चिंधीनं स्प्रिंगखालची माती पुसली. कड्याच्या खाचा दिसू लागल्या. खाच जितकी वरची, तितकी स्प्रिंग कडक. त्यानं पाहिलं, आणि चिंधी तिथंच राहू दिली, झाकल्यासारखी.

पण वहिनी सूप ठेवून जवळ आली होती. तिनं चिंधी उचलली.

“तिसरी.”

नयन पाना पुसू लागला.

“एकटे असले की पैलीवर ठेवत ते. मी बसाच्या आंधी खाली बसून, पाना लावून तिसरीवर करत. लोकं हसत. मी म्हणो, मी का गोणी हाव?” ती हसायला गेली, तशीच राहिली. “मले उतरवलं की पुन्हा पैली. कधी आळस नाही केला.”

ऊन टिनावर कडकडत होतं. धुळीनं भरलेली सीट मधोमध पुसल्यासारखी दिसत होती. जणू आत्ताच कुणी उठून गेलं.

“त्या दिवशी एकटेच निघाले म्हणता न सगळे?” वहिनी त्याच्यासमोर उकिडवी बसली. “मंग मांगं कोण होतं? बाई होती न एखांदी? तुमाले ठाव असन, भाऊजी. आठ महिने मी या माणसासाठी रडून राह्यली.”

नुसती मान खाली घातली असती तरी तिला ते खरं वाटलं असतं. नयननं पाना कड्याला लावून ओढला. तो सटकला, बोटाची साल निघाली. निघालेल्या रक्ताकडे तो पाहत राहिला.

“बाई नोहती, वहिनी. मी होतो.”

ती हलली नाही.

“ट्रकनं कट मारला. मी वावरात फेकल्या गेलो, मले खरचटलं बी नाही. दादाचं रगत पाहून भेलो. आडवाटेनं पळालो, घरी येऊन निजलो.”

त्यानं पाना जमिनीवर ठेवला.

“तवा जीव होता त्याच्यात. माहा हात धरलता त्यानं, वहिनी. मी सोडवून घेतला.”