आडनाव जुळलं, रोट वाढला

मी एक जुना बेंजो आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगावरचा हा सोनेरी रंग माझा नाही. मी मूळचा सागवानी. धुळ्याच्या एका गल्लीत गिरधर मिस्त्रींच्या दुकानात माझा जन्म झाला. पेटी तासली, तारा ओढल्या, टाइपरायटरसारखी बटणं बसवली, पोटात पिकअप घातला आणि मिस्त्रींनी मला पहिल्यांदा कर्ण्याला जोडलं, तेव्हा समोरच्या चहावाल्याने गाळणी हातात धरूनच ऐकलं. तो माझा पहिला श्रोता. मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

मला पिंपळनेरच्या रुपचंदभाऊंनी विकत घेतलं. शेती सांभाळून लग्नसराईत ते बँडमध्ये वाजवायचे. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीने तारा छेडायच्या, एवढंच ते काम. पण रुपचंदभाऊंच्या हातात मी अक्षरशः बोलायचो. हळद म्हणू नका, वरात म्हणू नका, साक्री तालुक्यात माझ्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरत नसे. श्रावणात आमच्या खानदेशच्या देवीच्या, कानबाईच्या विसर्जनाला मी सगळ्यांच्या पुढे असे. बायका डोक्यावर कानबाई घेऊन नदीकडे निघायच्या आणि मी वाजलो की फुगड्या थांबता थांबत नसत.

मग डीजे आले. त्यांच्या भिंतीएवढ्या आवाजापुढे माझं काय चालणार? भाऊंनी मला कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. शेजारी कांद्याच्या रिकाम्या गोण्या होत्या. कुणी मला मोडीत काढलं नाही, एवढंच समाधान. पण मित्रांनो, वाद्याला उपाशी ठेवणं म्हणजे काय, ते माळ्यावर पडल्याशिवाय कळत नाही.

मला खाली काढलं ते भाऊंच्या मुलाने, भूपेंद्रने. त्याला संगीतकार व्हायचं होतं. वडिलांना इतरांच्या चाली येत. याच्या डोक्यात स्वतःच्या घोळत. तो मोबाइलवर चाली रेकॉर्ड करायचा, पुसायचा, पुन्हा करायचा. बँडच्या गाडीवरही तो मला घेऊन बसू लागला. पुन्हा माझे दिवस आले.

अमळनेरच्या एका लग्नात एक मुलगी गर्दीतून सरळ आमच्या गाडीपाशी आली. नवरीची मैत्रीण असावी. तिने भूपेंद्रला सांगितलं, "तुमना बेंजो बेसूर शे."

भूपेंद्र चिडला. "तुले काय कळस त्यानं?"

"तिसरी तार देख," ती म्हणाली आणि निघून गेली.

मला तर माहीतच होतं, तिसरी तार उतरली होती. भूपेंद्रने ती चढवली आणि मान वर करून पाहिलं, तर ती मांडवाच्या खांबाला टेकून त्याच्याकडेच बघत होती. तिने फक्त मान डोलावली. पोराचं त्या वरातीत पुढे काही खरं राहिलं नाही. दोनदा त्याने भलतंच गाणं सुरू केलं.

तिचं नाव दीपमाला. पुढे फोन सुरू झाले. भूपेंद्र फोन मांडीवर ठेवून मला वाजवायचा आणि ती पलीकडून चुका काढायची. त्या दोघांच्या भांडणांतून एक चाल तयार झाली. गोड होती, पण नुसती गोड नव्हती. शेवटच्या ओळीआधी ती क्षणभर थांबायची आणि मग अलगद खाली उतरायची. कारण दीपमाला कुठल्याही गोष्टीला 'हो' म्हणण्याआधी अशीच थांबायची. ही चाल आपल्या लग्नात वाजवायची, असं दोघांचं ठरलं होतं.

दोघांचं ठरून काय उपयोग? दीपमालाचे वडील शालिग्रामआबा घरी आले, चहा प्यायले, मला एकदा न्याहाळलं आणि म्हणाले, "बेंजो वाजाडीसन संसार चालस का? पोऱ्यानं नाव कोठे तरी दिसू द्या. मंग देखू."

तेव्हापासून भूपेंद्रला एकच ध्यास लागला. नाव दिसलं पाहिजे.

आणि नाव दाखवणारा माणूस आपल्या पायांनी चालत आला. त्याचं नाव नवीन. एका नव्या टीव्ही मालिकेचा तो संगीतकार. मालिका प्रेमाची आणि गमतीची, नाव 'बेंजोवाला जावई'. गावातला एक होतकरू वादक, शहरातली एक मुलगी, आणि त्याच्या बेंजोवर तिचं जडलेलं प्रेम. खानदेशातलं खरं वाद्य आणि खरी माणसं बघायला म्हणून तो पिंपळनेरला आला होता. बोलायला साखरेसारखा. भूपेंद्रची चाल त्याने ऐकली, डोळे मिटले आणि म्हणाला, "हेच आपलं शीर्षकगीत. पडद्यावर तुझं नाव येईल, भूपेंद्र. मोठ्या अक्षरात."

मग गप्पांच्या ओघात कळलं की त्याचं आडनाव आणि आमचं आडनाव एकच. त्याचे आजोबाही साक्रीकडचेच निघाले. रुपचंदभाऊंचा चेहरा उजळला. "आडनाव एक, कुळ एक. मंग तो भाऊबंदच ना आपला."

मित्रांनो, ही गोष्ट इथे नीट ऐका. तो श्रावण होता आणि घरात कानबाई बसायची होती. कानबाईच्या नैवेद्याला घरच्या गव्हाचे रोट करतात. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. पाहुण्याला पुरणपोळी मिळेल, खीर मिळेल. रोट मिळणार नाही. आमच्या घरात तर लग्न झालेल्या आंडेरला, म्हणजे लेकीलाही त्यातला घास देत नाहीत. आणि त्या रविवारी भूपेंद्रची आई झुंबरबाई हिने नवीनच्या ताटात आपल्या हाताने रोट वाढला.

"खाय बापा. घरनाच शे तू."

भूपेंद्रची बहीण सारिका सासरहून आली होती. ती समोरच बसली होती. ती हसून म्हणाली, "मी ह्या घरनी आंडेर, माले रोट नही, अन ह्याले शे. देखा, कसा न्याय शे."

सगळे हसले. नवीनही हसला. त्याने रोट खाल्ला आणि हात धुण्याआधी झुंबरबाईच्या पाया पडला. मी कोपऱ्यात फुलं वाहून ठेवलेला होतो. मला वाटलं, आता काळजी मिटली. रोट खाल्लेला माणूस घरचं वाईट करत नाही, असं तेव्हा आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

जाताना तो मलाही घेऊन गेला. नायकाच्या हातात खरा बेंजो हवा, म्हणाला. भूपेंद्रने मला पुसलं, कापडात गुंडाळलं आणि निरोप देताना माझ्या बटणांवरून एकदा हात फिरवला. मी ऐटीत निघालो.

सेटवर पोचल्यावर पहिल्याच दिवशी माझ्या तारा काढल्या. नायकाला वाजवता येत नव्हतं आणि चित्रीकरणात माझा खणखणाट नको होता. मग माझा रंग कॅमेऱ्यात मरतो म्हणून मला सोनेरी फासला. नायक पोरगा स्वभावाने वाईट नव्हता. तो गळ्यात मला अडकवून बोटं नाचवायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. माझ्या आयुष्यात मला एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या, आणि मी एक सूरही काढत नव्हतो. लाजेने मेल्यासारखं होई.

एके दिवशी नवीनने वादकांना ती चाल शिकवली. शेवटच्या ओळीपाशी हात वर करून तो म्हणाला, "इथे एक क्षण थांबायचं. ही जागा मला अशीच गाडीत बसल्या बसल्या सुचली."

मी तिथेच टेबलावर पडलो होतो. मला कान आहेत, मित्रांनो, पण माझं तोंड दुसऱ्याच्या हातात असतं. आणि त्या वेळी तर माझ्या तारासुद्धा नव्हत्या.

कुणीतरी त्याला विचारलं, हा बेंजो कुठे मिळाला. तो हसत म्हणाला, "अरे, आडनाव जुळलं म्हणून देवाचा रोट खायला मिळाला. रोटाबरोबर बाकीचंही आलं."

मी फार वराती पाहिल्या आहेत. दारू पिऊन पडलेले नवरदेवाचे मामा पाहिले, रुसलेले व्याही पाहिले, माझ्यावर सरबत सांडणारी पोरं पाहिली. पण त्या हसण्याइतकं मला कधी काही लागलं नाही.

पुढे माझ्यासारखाच दिसणारा एक हलका नकली बेंजो त्यांनी करून घेतला आणि मला टेम्पोत घालून परत पाठवून दिलं. तारा नव्हत्याच. रुपचंदभाऊंनी माझ्या रंगावर नख ओढून पाहिलं. झुंबरबाई म्हणाली, "आसू दे. पोऱ्यानं नाव येऊ दे, मंग नव्या तारा टाकू."

पहिला भाग लागायचा त्या संध्याकाळी घर भरून गेलं. शालिग्रामआबांना मुद्दाम अमळनेरहून बोलावलं होतं. त्यांच्याबरोबर दीपमालाही आली होती. ती बायकांमध्ये बसली होती आणि भूपेंद्र दाराशी उभा होता. मला टीव्हीखालच्या फळीवर मानाने ठेवलं होतं.

शीर्षकगीत सुरू झालं. तीच चाल. दीपमालाने ओढणीआड हसू लपवलं. चाल शेवटच्या ओळीपाशी आली, थांबली, उतरली. आणि मग नावं आली. गीत-संगीत, नवीन. त्यापुढे भराभर इतकी नावं आली की मला वाटलं गावातल्या प्रत्येकाचं येईल. भूपेंद्रचं आलं नाही.

"पुढे येई," रुपचंदभाऊ म्हणाले. म्हणून सगळे शेवटपर्यंत बसले. आणि मधल्या वेळात त्यांना आणखी काही बघावं लागलं. मालिकेत नायकाच्या घरी देवीचा रोट होता. शहरातली मुलगी तो चुकून खाते आणि नायकाचा बाप डोक्याला हात लावून घरभर नाचतो. त्याच्या तोंडी 'आडनाव एक, कुळ एक' हे वाक्य होतं. मागून हसण्याचे आवाज टाकलेले होते. आमच्या खोलीत कुणी हसलं नाही. झुंबरबाई उठून आत गेली.

शेवटीही नाव आलं नाही.

"चाल चांगली शे," शालिग्रामआबा म्हणाले. "पण नाव दुसरानं शे."

"आबा, चाल मनी शे," भूपेंद्र म्हणाला.

"व्हई बी. पण मी जगले काय दाखाडू?"

दीपमाला म्हणाली, "बाबा, माले माहीत शे. मी ऐकेल शे ती फोनवर." आबांनी तिच्याकडे असं काही बघितलं की तिला फोनची गोष्ट काढल्याचा पश्चात्ताप झाला असेल. त्या एका वाक्याने उरलंसुरलं दारही लागलं.

भूपेंद्रने नवीनला फोन लावले. कित्येक दिवसांनी त्याने एक उचलला आणि समजुतीने म्हणाला, "हे टीमचं काम असतं रे. नावं चॅनल ठरवतं. तू मनाला लावून घेऊ नकोस." त्यातलं ते 'रे' मला अजून बोचतं.

मालिका धो धो चालली. पडद्यावरच्या बेंजोवाल्याला त्याच चालीवर बायको मिळाली. दीपमालाचं लग्न जळगावला दुसरीकडे झालं. सारिका सासरच्या ओळखीतून त्या लग्नाला गेली होती. परत येऊन तिने एवढंच सांगितलं, की वरातीत डीजेने 'बेंजोवाला जावई'ची चाल लावली, आणि चाल थांबण्याच्या जागी पोचायच्या आत नवरीने निरोप धाडून ती बंद करायला लावली. का, ते तिकडे कुणाला कळलं नाही. आमच्या घरात कुणी विचारलं नाही.

वर्ष फिरलं, श्रावण आला, कानबाई बसली. आणि रविवारी दारात गाडी थांबली. नवीन उतरला. मालिकेचं दुसरं पर्व करायचं होतं. "भूपेंद्र, नवी चाल बांधलीयस का?" अंगणातूनच त्याने विचारलं, जसं काही मधे काही घडलंच नव्हतं.

भूपेंद्रने माझ्यावर कापड टाकलं आणि तो मागच्या दाराने निघून गेला. रुपचंदभाऊंनी त्याच्याकडे पाठ फिरवली. पण सणाच्या दिवशी दारातून उपाशी कुणाला पाठवायचं नाही, म्हणून झुंबरबाईने त्याला बसवलं. पुरणपोळी वाढली, खीर वाढली, भजी वाढली, वरून तूप सोडलं. शेजारच्या भाऊबंदांच्या ताटांत रोट आले. त्याच्या ताटाजवळून ती पुढे गेली.

"काकू, रोट?" तो म्हणाला.

"तो भाऊबंदीना शे, बापा," झुंबरबाई म्हणाली. "पाव्हनाले नही चालस. पोळी ले आजून एक."

ती रागावली नाही. आवाजही चढवला नाही. सारिका त्याच्या शेजारी जेवत होती. तिच्या ताटातही रोट नव्हता. ती त्याला म्हणाली, "मनी गोष्ट येगळी. मी ह्या घरमा जनमेल तरी शे." नवीनने पोळी अर्धीच खाल्ली. त्या दिवशी त्याला वाकून पाया पडायला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी विसर्जन होतं. पहाटे भूपेंद्रने मला उघडं केलं आणि नव्या तारा चढवल्या. तिसरी तार त्याने पुन्हा पुन्हा तपासली. मी नदीपर्यंत वाजलो, बायका नाचल्या. वाटेत पोरं ओरडली, "सिरियलनं गाणं वाजाड." त्याने दुसरंच गाणं घेतलं. तो आता सगळ्या चाली वाजवतो, ती सोडून.

मित्रांनो, वाद्यांना ऊन, पाऊस आणि वाळवीपासून जपा, असं मी सांगायला हवं. ते तुम्हाला ठाऊकच आहे. माझं मागणं वेगळं आहे. माझ्या अंगावरचा रंग पॉलिश पेपरने घासून निघेल. चोरीला गेलेली चाल तशी घासून परत मिळत नाही. तेव्हा कधी पिंपळनेरला आलात आणि आमची बँडची गाडी दिसली, तर मालिकेचं नाव घेऊ नका. जवळ या आणि एवढंच म्हणा, "भूपेंद्र, तुझी ती चाल वाजव." तो आधी क्षणभर थांबेल. तेवढं थांबा. तारा आता जागेवर आहेत.