किल्ली मागणारा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, हातात धरून बोलायचा. भोंग्याला राग येत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर ते चूक आहे. मी सध्या भयंकर संतापलो आहे.

माझी उमेदीची वर्षं कोप्पीकर रोडच्या बाजारात गेली. मधुकर नावाचा साडीवाला दुकानाच्या दारात उभा राहून माझ्यातून ओरडे, "अक्का, आत तर या!" नात्यानं हाक मारली की माणसाचे पाय थबकतात, हे मी तिथंच शिकलो. पुढे मोठा स्पीकर आला आणि मी माळ्यावर जाऊन पडलो. कुणी माझ्यावरून फडकंसुद्धा फिरवलं नाही.

तिथून प्रभंजन नावाच्या कामगार पुढाऱ्यानं मला बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत नेलं. तिथल्या एका मसाल्याच्या कारखान्यात अळणावरकडच्या बायका मिरच्या निवडत. साहेबानं त्यांच्या संडासाला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली होती. कुलूप फक्त जेवणाच्या सुट्टीत निघे. बायकांनी पाणी पिणंच सोडलं. हिराबाई तर मूत्रपिंडाला सूज येऊन दवाखान्यात पडली. मिरचीच्या धुळीत बसलेली बाई पाण्यालाही महाग व्हावी! माझं पत्र्याचं तोंडही तापलं.

प्रभंजन फाटकासमोर गरजला, "तुम्ही शोषित आहात! जागे व्हा!" समोर सगळ्या बायका, आणि हा म्हणतो 'जागे व्हा'! बायकांनी डबे उचलले आणि त्या निघाल्या.

तेव्हा त्यांच्यातल्याच वनितानं मला त्याच्या हातातून घेतलं. तिनं आवाज चढवला नाही.

"अक्का, साहेब रोज काय म्हणतात? 'आपण एकाच घरातली माणसं.' व्हय ना?"

"व्हय."

"मग साहेबांच्या घरी वैनींच्या संडासाला कुलूप असतंय?"

कुणीतरी फिसकन हसलं. "इल्ला! न्हाई!"

"त्यांच्या लेकीला किल्ली मागावी लागतीय?"

"इल्ला!" आता कुणी हसत नव्हतं.

"मग हिराक्काला का?"

उत्तर तिनं दिलंच नाही, कारण ते प्रत्येकीच्या पोटात कळ मारत होतं. साहेबाचाच शब्द तिनं साहेबावर उलटवला होता. तो धावत बाहेर आला. "हे बघा, आपण बसून बोलू या."

"आपण न्हाई, साहेब," वनिता म्हणाली. "आम्ही. किल्ली द्या."

"कीलीकै कोडरी!" सगळ्याजणी एकदम कानडीत तेच ओरडल्या.

मित्रांनो, 'आपण'मध्ये साहेब असतो, 'आम्ही'मध्ये नसतो. एवढ्याशा शब्दानं तो एकटा पडला. त्याचा हात खिशात गेला, किल्ली बाहेर आली आणि संडासाचं कुलूप निघालं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर वनितालाच अडवलं. म्हणे, हिनं बायकांना भडकवलं! आणि कुलूप लावणाऱ्यानं काय केलं होतं? आरती ओवाळली होती? रखवालदारानं मला तिच्या हातून हिसकावून आपटलं आणि माझं तोंड चेपलं. पण त्या दिवशी एकही बाई आत गेली नाही. त्या अजून बाहेरच बसल्या आहेत.

मित्रांनो, माझी कीव करू नका. कुणी गोड आवाजात 'आपण' म्हणाला, तर किल्ली कुणाच्या खिशात आहे ते आधी बघा. आणि मला जपायचंच असेल, तर माझ्यातले सेल तेवढे बदला. वनिताला अजून आत घेतलेलं नाही.